दिवसाला दोन जीबी, फाइल तीन जीबीची: कोणता डाउनलोड मॅनेजर घ्यावा?

कंधारचे_गुरुजी

नमस्कार मंडळी. कंधार तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. शाळेला मागच्या वर्षी काही जुने संगणक देणगीत मिळाले. त्यांच्यावरचं विंडोज इतकं रडत चालतं की पोरं माउस सोडून खिडकीबाहेर बघायला लागतात. केंद्रातल्या एका मित्रानं सुचवलं, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, फुकट असतं, त्यातलं एक्सएफसीईवालं हलकं असतं. म्हटलं ठीक, उतरवून घेऊ. फाइल जवळपास तीन जीबीची.

घोळ इथूनच सुरू झाला. शाळेत नेट नाही, घरी मोबाईलचा हॉटस्पॉट. प्लॅन रोज दोन जीबीचा, त्यातलं थोडं घरच्यांच्या व्हिडिओंना जातं. म्हणजे एका दिवसात फाइल बसणारच नाही. डेटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो आणि क्रोम थोडा वेळ वाट बघून लाल अक्षरांत फेल दाखवतं. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. मध्ये एकदा डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) गेला गावातला, तेव्हा तर मशीनच धाडकन बंद. फाइल नव्वद टक्क्यांवर होती. काय वाटलं असेल ते समजून घ्या.

मिंटनंतर बाकीचीही कामं आहेत. प्रशिक्षणाचे व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर येतात, काही जुनी मराठी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवरून घ्यायची आहेत, स्कॅन केलेली, एकेक पुस्तक शंभर-दोनशे एमबीचं. म्हणजे हे एकदाचं काम नाही, कायमची सोय लागणार.

माझं मशीन विंडोज १०, चार जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. तालुक्याला एकानं पेनड्राइव्हमध्ये आयडीएम (इंटरनेट डाउनलोड मॅनेजर) दिलंय, 'फुल व्हर्जन' म्हणून. लावलं की अँटिव्हायरस बोंब मारतो. तो म्हणतो, बोंबलू द्या, बंद करून टाका. मन धजत नाही. फुकट, हलका आणि लाईट गेल्यावर जिथं होतं तिथून चालू होणारा असा कोणता डाउनलोड मॅनेजर आहे? इंग्रजी मेन्यू चालेल, फक्त फार डोकं लावावं लागू नये.

स्पीड_किंग_बीड

आयडीएम. डोळे झाकून. ३२ कनेक्शन लावा, फाइल अशी येते की बघतच राहाल. क्रॅक माझ्याकडं पण आहे, मेसेज करा. अँटिव्हायरस काय, सगळ्याच क्रॅकला बोंबलतो.

उदगीर_दुरुस्तीवाला

गुरुजी, तुमचं मन धजत नाही ते बरोबर आहे. ते पेनड्राइव्ह बाजूला ठेवा.

माझं उदगीरला संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या हंगामात एका कृषी सेवा केंद्राचं मशीन आलं. तक्रार काय, तर ब्राउझर उघडला की जुगाराच्या जाहिराती. उघडून बघितलं तर डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या, अपवादांच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह घातलेला. म्हणजे पहारेकरी नोकरीवर आहे, पण त्याला सांगून ठेवलंय की घरात बघायचंच नाही. डाउनलोड्समध्ये 'पॅच' नावाची झिप, तिच्यात एक टेक्स्ट फाइल आणि तिची पहिली ओळ: आधी अँटिव्हायरस बंद करा. खताचं बिलिंग त्याच मशीनवर, बँकेचं लॉगिनही तिथंच. मालकाला म्हटलं, पासवर्ड सगळे बदला, पण दुसऱ्या मशीनवरून. विंडोज नव्यानं टाकून दिलं.

आयडीएम स्वतः चांगलं सॉफ्टवेअर आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर वरचा भाऊ चिडायचा. तीस दिवस फुकट चालतं, पुढं विकत घ्यावं लागतं. तुमच्या कामाची एक सोय त्यात अशी आहे की ती फार जण वापरतच नाहीत: इतक्या तासांत इतक्या एमबीपेक्षा जास्त उतरवू नको, असं सांगता येतं. रोजच्या डेटावर जगणाऱ्या माणसासाठी ती लई कामाची. दुसरी सोय म्हणजे लिंक शिळी झाली तर त्याच अर्ध्या फाइलला नवी लिंक जोडता येते. पैसे देऊन घेणार असाल तर खुशाल घ्या. क्रॅक मात्र नको. जो माणूस दुसऱ्याच्या प्रोग्रॅमचं कुलूप तोडून फुकट वाटतो, तो त्यात आपलं काही ठेवत नसेल असं मला वाटत नाही.

आता मूळ प्रश्न. लोक दुकानात येऊन विचारायलेत, 'फास्ट डाउनलोडर कोणता?' मी उलट विचारतो, स्पीडचं सोडा, तुटल्यावर जोडणारा पाहिजे का? तुम्हाला जोडणाराच पाहिजे. आणि जोडणं जमणार की नाही, हे तुमच्या सॉफ्टवेअरइतकंच समोरच्या सर्व्हरवर असतं.

होतं असं. फाइल एक जीबीपर्यंत आली आणि लाईट गेली. परत चालू केल्यावर मॅनेजर सर्व्हरला म्हणतो, मला इतक्याव्या बाइटपासून पुढचं दे. १९९७ मध्ये एचटीटीपी १.१, म्हणजे वेबवर फाइली मागायच्या-द्यायच्या नियमांची आवृत्ती, आली तेव्हापासून ही सोय ठरलेली आहे. सर्व्हरला ती येत असेल तर तो २०६ हा कोड देऊन उरलेलंच पाठवतो. येत नसेल तर २०० म्हणतो आणि पुन्हा पहिल्या बाइटपासून सुरू करतो. मग जगातला कोणताही मॅनेजर लावा, काही उपयोग नाही.

त्यामुळं कोणतीही मोठी फाइल लावली की पंधरा-वीस एमबी येऊ द्या, पॉझ करा, दोन मिनिटांनी परत चालू करा. तिथूनच पुढं निघाली तर बिनघोर झोपा. शून्यावर गेली तर दुसरी साइट शोधा. अजून एक खूण: उतरताना एकूण आकार दिसत नसेल, नुसतं 'इतके एमबी आले' एवढंच दिसत असेल, तर ती फाइल सर्व्हर तिथल्या तिथं बांधून देत असतो. अशी बहुतेक जोडली जात नाही.

मिंटच्या बाबतीत काळजी नाही. त्यांच्या पानावर मिररची, म्हणजे तीच फाइल ठेवणाऱ्या वेगवेगळ्या सर्व्हरची, लांब यादी असते आणि चांगले मिरर मधूनच पुढचं द्यायची ही सोय देतात. तुम्ही घेतलेला मिरर रडत असेल तर यादीतला दुसरा घ्या, आपल्याकडचा जवळचा बघा. मग तुमचं का तुटतं? क्रोमलाही रिझ्यूम येतं, पण मशीन धाडकन बंद झालं की त्याचा हिशोब बऱ्याचदा बिघडतो. आणि ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला आठ केबी. त्या चालीनं एक जीबीला ३५ तासांच्या आसपास लागतील. तेवढ्यात कनेक्शन कितीदा मरेल ते सांगायला नको.

म्हणून डेटा संपायच्या आधी थांबणारा, आणि रात्री बारानंतर नवा डेटा आला की आपण होऊन चालू होणारा पाहिजे.

माझं मत, तुमच्यासाठी: फ्री डाउनलोड मॅनेजर, म्हणजे एफडीएम. फुकट आहे, विंडोज १० वर चार जीबीत चालतो, ब्राउझरमधली लिंक स्वतः पकडतो, टॉरेंटही त्यातच. त्यात शेड्यूलर आहे, रात्री १२:१० पासून पहाटे पाचपर्यंत असं लावून ठेवता येतं. मात्र मशीन स्लीपला जाऊ देऊ नका, पॉवरच्या सेटिंगमध्ये 'कधीच नाही' करा. स्क्रीन बंद झाली तर चालेल. अर्धवट फाइलच्या नावामागं एफडीएमडाउनलोड अशी शेपटी दिसते. ती फाइल हलवू नका, नाव बदलू नका.

एक गोष्ट लपवत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरसच्या कंपनीनं उघड केलं की २०२० ते २०२२ या काळात एफडीएमच्या साइटवरून लिनक्सचं डेब पॅकेज (लिनक्सवरचा इन्स्टॉलर) घेणाऱ्या काही जणांना भलत्याच डोमेनवर वळवलं जात होतं, आणि तिथून पासवर्ड चोरणारं पॅकेज मिळत होतं. कंपनीनंही ते मान्य केलं. प्रकार लिनक्सच्या पॅकेजचा होता, तुमचं विंडोज आहे. तरी पण घेताना मूळ साइटवरूनच घ्या आणि उतरलेल्या इन्स्टॉलरवर राइट क्लिक करून डिजिटल सही बघा. शाळेतल्या मिंटवर पुढं कधी लागलाच मॅनेजर, तर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या, कुठल्या साइटवरून पॅकेज आणू नका.

राहिला ३२ कनेक्शनचा विषय. विहिरीत पाणी तेवढंच असेल तर चार पाइप टाकले काय आणि बत्तीस टाकले काय. तुमची लाइन १० एमबीपीएस असेल तर सेकंदाला सव्वा एमबीच्या वर काही येणार नाही, तीन जीबीला ४० मिनिटं धरा. तुकडे करून उतरवण्याचा फायदा कधी होतो, तर समोरचा सर्व्हर एका कनेक्शनला मोजूनमापून देत असतो तेव्हा. मग चार कनेक्शनवर चौपट आल्यासारखं वाटतं. पण बत्तीस लावले की काही सर्व्हर तुम्हाला त्रास देणारा समजून बाहेरच काढतात. चारवर ठेवा.

जेडाउनलोडरचं नाव कुणीतरी घेईलच. जर्मनीतलं, बरंचसं ओपन सोर्स, एका पानावरच्या पन्नास लिंका एकदम उचलायच्या असतील तर त्याला तोड नाही. पण जावावर चालतं, चार जीबी आणि साध्या हार्ड डिस्कवर जड जातं. शिवाय त्याच्या इन्स्टॉलरसोबत इतर जाहिरातींची सॉफ्टवेअरं यायची तक्रार जुनी आहे. तुम्हाला नको.

स्पीड_किंग_बीड

एवढं लिहिलंय, पण माझ्या मशीनला तीन वर्षं काही झालं नाही.

उदगीर_दुरुस्तीवाला

झालं नाही की दिसलं नाही, हे मशीन बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. उदगीरला आलात तर आणा, बघून देतो. चहा माझा.

पॉलिटेक्निक_लातूर

गुरुजी, एरिया२ (aria2) बघा. ओपन सोर्स, खिडकीबिडकी काही नाही, काळ्या पडद्यावर चालतं, रॅम जवळजवळ लागतच नाही. आमच्या होस्टेलला सगळे हेच वापरतात. एका सर्व्हरला १६ कनेक्शनपर्यंत लावता येतात. पुस्तकांच्या लिंका एका टेक्स्ट फाइलमध्ये एकाखाली एक टाकून ठेवायच्या, तीच फाइल त्याला द्यायची, तो आपण होऊन सगळी उतरवत बसतो. खिडकी पाहिजेच असेल तर मोट्रिक्स म्हणून आहे, आतून एरिया२च.

उदगीर_दुरुस्तीवाला

पोरगं बरोबर सांगायलंय. मी स्वतः दुकानात एरिया२च वापरतो. लाईट जाण्याच्या बाबतीत ते सगळ्यात भरवशाचं वाटतं मला, कारण ते दर मिनिटाला आपला हिशोब एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतं. मोठ्या फाइलीच्या शेजारीच ती दिसते, त्याच नावाची, शेवटी एरिया२ लावलेली. लाईट गेली तर फार तर शेवटच्या मिनिटाचं वाया जातं. बऱ्याच जणांना ती फालतू फाइल वाटते आणि ते डिलीट करतात. करू नका. फाइल पूर्ण आली की ती आपोआप जाते.

गुरुजींनी 'फार डोकं लावावं लागू नये' म्हटलंय म्हणून मी आधी एफडीएम सांगितलं. पण कुणाला करून बघायचं असेल तर गिऱ्हाइकाला फोनवर सांगतो तशी कमांड सांगतो. एरिया टू सी (aria2c) लिहा, जागा सोडा, डॅश आणि छोटा सी, जागा, डॅश एक्स आणि चार, जागा, मग लिंक. लिंक दुहेरी अवतरणात टाका, नाहीतर लिंकमध्ये अँडचं चिन्ह आलं की कमांड तिथंच तुटते. छोटा सी म्हणजे अर्धवट असेल तर पुढं चालू ठेव. लाईट आल्यावर तीच कमांड परत द्यायची. कीबोर्डची वरची बाणाची कळ दाबली की शेवटची कमांड येते, पण मशीन बंद होऊन आलं असेल तर ती जाते, म्हणून एका नोटपॅडमध्ये ठेवा.

काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर त्याचीही सोय आहे. विंडोज १० मध्ये २०१८ च्या १८०३ अपडेटपासून कर्ल (curl) ही फाइल उतरवायची कमांड आतच येते. कर्ल, डॅश मोठा एल, डॅश मोठा ओ, डॅश मोठा सी, जागा, नुसता एक डॅश, जागा, लिंक. हे काळ्या कमांड प्रॉम्प्टमध्येच करा. निळ्या पॉवरशेलमध्ये कर्ल म्हटलं की दुसरंच काहीतरी चालू होतं आणि लाल अक्षरांचा पाऊस पडतो.

जिंतूरची_अभ्यासिका

मी इथं अभ्यासिका चालवते. मला गूगल ड्राइव्हचाच त्रास आहे. मुलांसाठी लेक्चरचे व्हिडिओ असतात, लिंक कॉपी करून एफडीएममध्ये टाकली की फाइल येते, पण काही केबीचीच. नाव एमपी४, उघडत नाही. सॉफ्टवेअर खराब आहे की काय? आणि गुरुजी, तुमचं नेटचं दुखणं आमच्याकडंही तेच आहे, तुम्ही एकटे नाही.

उदगीर_दुरुस्तीवाला

ताई, सॉफ्टवेअर ठीक आहे. ती काही केबीची फाइल व्हिडिओ नाहीच, वेबपान आहे. तिच्यावर राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडून बघा, सगळा एचटीएमएलचा कोड दिसेल. त्यात कुठंतरी 'लॉगिन करा' किंवा 'ही फाइल व्हायरससाठी तपासता आली नाही, तरी उतरवायची का' असलं लिहिलेलं सापडेल. ब्राउझरला तुमची ओळख माहीत आहे, मॅनेजरला नाही. म्हणून नुसती लिंक चिकटवून भागत नाही.

एफडीएमचं एक्स्टेंशन क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये बसवा. मग ड्राइव्हवर जाऊन नेहमीसारखं डाउनलोड दाबा. ब्राउझर खरी लिंक आणि सोबत तुमची ओळख मॅनेजरच्या हाती देतो. त्या लिंका फार काळ जगत नाहीत. आज अर्धी उतरवून चार दिवसांनी उरलेली घेऊ म्हटलं तर बहुतेक जमणार नाही. ड्राइव्हचं काम एका रात्रीत होईल एवढंच हाती घ्या.

आणि अख्खं फोल्डर कधी मागू नका. फोल्डर मागितलं की ड्राइव्ह आधी झिप बांधत बसतं, मोठं असेल तर तिचेही तुकडे करून देतं, आणि त्यातला एक तुकडा तुटला की सगळंच अडकतं. एकेक व्हिडिओ घ्या. कंटाळवाणं आहे, पण जो आला तो आला.

कंधारचे_गुरुजी

सगळ्यांचे आभार. एफडीएम बसवलं, मूळ साइटवरून. इन्स्टॉलर फक्त एफडीएमचाच होता, सोबत दुसरं काही आलं नाही. मिंटचा दुसरा मिरर घेतला, पॉझ करून बघितलं, जिथं थांबला तिथूनच निघाला.

एक अडचण. रात्री बाराला शेड्यूल लावलं, सकाळी उठून बघतो तर डेटा संपलेला आणि फाइल मात्र अर्ध्या जीबीनंच पुढं गेलेली. उरलेला डेटा गेला कुठं? घरचे सगळे झोपलेले होते, कुणी व्हिडिओ बघितले नाहीत.

उदगीर_दुरुस्तीवाला

विंडोज अपडेटनं खाल्ला असणार. रात्री मशीन मोकळं दिसलं की तो हात मारतो. त्याला वाटतं तुमच्याकडं वाय-फाय आहे म्हणजे अमर्याद आहे. सेटिंग्जमध्ये जा, नेटवर्क, मग तुमचा हॉटस्पॉट ज्या नावानं जोडलाय ते नाव, आणि तिथं मीटर्ड कनेक्शन, म्हणजे डेटा मोजका आहे असं सांगणारी सेटिंग, चालू करा. मग मोठी अपडेटं थांबतात. शाळेच्या सुट्टीत कुठं चांगलं नेट मिळालं की तेव्हा अपडेट मुद्दाम करून घ्या, कायमचं बंद ठेवू नका.

फोनमधलंही बघा, ॲप आपोआप अपडेट होणं आणि फोटोंचा बॅकअप हे रात्रीच चालतं. आणि जमलं तर हॉटस्पॉटऐवजी केबलनं टेदरिंग करा. कनेक्शन कमी तुटतं, फोनही तापत नाही तेवढा. केबलनं जोडलं की विंडोज त्याला इथरनेट म्हणतं, तिथं मीटर्ड परत वेगळं चालू करावं लागतं.

नांदेड_फायबर

गुरुजी, मिंटच्या एका फाइलीसाठी एवढी रात्रपाळी कशाला? माझ्याकडं नांदेडला फायबर आहे. पेनड्राइव्हमध्ये टाकून कंधार गाडीत देतो, स्टँडवर घ्या. आमच्या गावचं अर्धं सामान तसंच जातं.

कंधारचे_गुरुजी

तुमच्या मनाचा मोठेपणा. मिंटचं या वेळी जमेल असं वाटतं, पण पुस्तकांचं ओझं मोठं आहे, तेव्हा तुम्हाला नक्की त्रास देईन.

परळीकर

दुरुस्तीवाले भाऊ, तुम्ही वर टॉरेंटचं नाव घेतलं. ते बेकायदेशीर ना? शाळेच्या मास्तरनं टॉरेंट लावलं आणि उद्या काही झालं तर?

उदगीर_दुरुस्तीवाला

टॉरेंट ही फाइल वाटायची एक पद्धत आहे. नवा सिनेमा चोरून घेतला तर ती चोरी, मग तो टॉरेंटनं घ्या नाहीतर पेनड्राइव्हनं. मिंट, डेबियन, उबुंटू हे सगळे आपल्या साइटवर स्वतःच टॉरेंट देतात. इंटरनेट अर्काइव्हवरही बऱ्याच पुस्तकांच्या पानावर उजव्या बाजूला टॉरेंटचा पर्याय असतो.

गुरुजींच्या पुस्तकांसाठी मी तर टॉरेंटच सुचवेन. त्यात फाइल लहान लहान तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकडा तिथल्या तिथं तपासला जातो. लाईट गेल्यामुळं एखादा तुकडा खराब झाला तर तेवढाच परत मागवतो. अर्काइव्हचे सर्व्हर आपल्याकडून कधी कधी फार हळू चालतात, अशा वेळी सरळ डाउनलोड तुटत राहतं, टॉरेंट मात्र चिवटपणे लागून राहतं.

पण एक बघा. टॉरेंट घेतो तसं देतोही, आणि दिलेलाही तुमच्याच डेटातून कापला जातो. एफडीएममध्ये अपलोडचा स्पीड अगदी कमी करून ठेवा आणि फाइल पूर्ण झाली की ती यादीतून काढा. घेऊन लगेच निघून जाणं तसं बरं दिसत नाही, पण दिवसाला दोन जीबीवाल्यानं लाजायचं कारण नाही. ज्यांच्याकडं फायबर आहे त्यांनी द्यावं. नांदेडवाले, ऐकायलात ना?

नांदेड_फायबर

ऐकायलोय. रात्रभर मिंट वाटत बसतो, झालं?

जिंतूरची_अभ्यासिका

एक्स्टेंशन लावून बघितलं, व्हिडिओ पूर्ण आले. एक विचारायचं होतं, फोनवरच उतरवून मग केबलनं मशीनमध्ये घेतलं तर? फोनला लाईट जायची भीती नाही.

उदगीर_दुरुस्तीवाला

लाखात एक बोललात ताई. एफडीएमचं अँड्रॉइडवरही ॲप आहे. फक्त फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला सूट द्या, नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन त्याला झोपवतो. आणि फोनमध्ये जागा आहे ना ते आधी बघा. आपले फोन गुड मॉर्निंगच्या फोटोंनीच भरलेले असतात.

कंधारचे_गुरुजी

मिंट आलं! मध्ये एका रात्री लाईट गेली होती, सकाळी मशीन चालू केलं, एफडीएम उघडलं आणि तिथून पुढं निघालं. मीटर्ड केल्यावर डेटाही सगळा त्यालाच मिळाला.

पण आता धाकधूक वेगळीच आहे. एवढ्या ठिकाणी तुटून जोडलेली फाइल बरोबर असेल का? आणि ती पेनड्राइव्हमध्ये कॉपी करून शाळेतल्या मशीनला लावू का?

उदगीर_दुरुस्तीवाला

अभिनंदन गुरुजी. आता घाई करू नका.

आधी तपासणी. मिंटच्या साइटवर आयएसओच्या (तुम्ही उतरवलेल्या फाइलीच्या) पानाजवळच एसएचए२५६ ची, म्हणजे फाइल ओळखायच्या ठशांची, यादी असते. तिच्यात तुमच्या फाइलीच्या नावासमोर ६४ अक्षरांची एक लांब ओळ दिसेल, आकडे आणि ए ते एफ. आता तुमच्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. सर्टयुटिल (certutil) लिहा, जागा, डॅश हॅशफाइल, जागा, मग फाइल ओढून त्या काळ्या खिडकीत सोडा म्हणजे तिचा पत्ता आपोआप येतो, जागा, आणि एसएचए२५६. एंटर मारून थांबा, साध्या हार्ड डिस्कवर थोडा वेळ लागतो. जी ओळ येईल ती साइटवरच्या ओळीशी जुळली पाहिजे. डोळ्यांनी अख्खी जुळवू नका, कंटाळून चुकतं. साइटवरची ओळ कॉपी करा, काळ्या खिडकीतली ओळ नोटपॅडमध्ये घ्या आणि शोधाच्या चौकटीत पहिली टाकून बघा. सापडली तर फाइल शंभर टक्के बरोबर, कितीही ठिकाणी जोडलेली असो. एक बाइट जरी इकडचा तिकडं झाला असेल तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते.

आयएसओ पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करू नका, मशीन त्यावरून सुरू होणार नाही. रूफस नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, फुकट, त्यानं ती पेनड्राइव्हवर लिहावी लागते. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी काढून ठेवा, आणि तालुक्याच्या भावानं दिलेला तोच पेनड्राइव्ह वापरलात तर उत्तम, एका कामात दोन होतील. शाळेतली मशीनं ६४ बिट आहेत ना ते एकदा बघून घ्या, आताचं मिंट ३२ बिटवर बसत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टीम उघडलं की तिथंच लिहिलेलं असतं. आधी एकाच मशीनवर इन्स्टॉल न करता नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आवाज, कीबोर्ड, प्रिंटर सगळं चालतंय का. मग बाकीच्यांना हात लावा.